तीन नंबरचा तुकडा

०. काही न लावलेला. हा असाच ठेवणे.

प्रयोग कसलाही असो, एक नमुना हात न लावता बाजूला ठेवायचा, ही सवय सुहासिनीबाईंच्या अंगात मुरलेली होती. पाच गावांच्या शाळांत त्यांनी केमिस्ट्री शिकवली, शेवटची सोळा वर्षं जयपुरात. त्यामुळे घरातल्या दारांना जेल स्टेन हा लाकडाचा रंग लावायचं ठरलं तेव्हा त्यांनी आधी दारांना हातच लावला नाही. मागच्या दाराचा तळ पाण्याने कुजला होता, तो जांगिडजी सुतारांनी कापून नवी पट्टी बसवली होती. कापलेली फळी बाईंनी फेकू दिली नाही. तिच्या चांगल्या भागातून तळहाताएवढे पाच तुकडे करून घेतले, घासले, पुसले आणि प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने आकडा टाकला. शून्यापासून चारपर्यंत.

श्यामकांतराव व्हरांड्याच्या पायरीवर बसून हे बघत होते. म्हणाले, "अगं, दारं रंगवायचीत की त्यांची परीक्षा घ्यायचीय?"

"आधी परीक्षा, मग प्रवेश," बाई म्हणाल्या.

दारांची कल्पना श्यामकांतरावांचीच. मार्चच्या सुरुवातीला सकाळचं फिरून आले आणि चपला काढता काढता म्हणाले की दारं फार जुनी दिसायला लागलीत, काहीतरी करायला हवं. बाई म्हणाल्या, पेंटर बोलावू. तर म्हणाले, पेंटर कशाला, तू आहेस की.

बाईंना ते खरंच वाटेना. निवृत्त झाल्यापासून चार वर्षं त्या फोनवर व्हिडिओ बघून लाकूडकाम शिकत होत्या. दोन स्टुलं केली, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचा चौरंग केला, शेजारच्यांची पुस्तकांची मांडणी नव्यासारखी करून दिली. या सगळ्या काळात श्यामकांतरावांनी त्या कामाला एकच नाव दिलं होतं, 'तुझे डबे'. तुझे डबे उचल, गाडी काढायचीय. तुझ्या डब्यांचा वास येतोय. आणि आता हेच गृहस्थ म्हणत होते की तू आहेस की.

इथे त्यांच्या बदल्यांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

श्यामकांतराव विमा कंपनीत अधिकारी होते. मूळचे दोघंही सांगलीकडचे. लग्नानंतर कोटा, बिकानेर, भोपाळ, उदयपूर, मध्ये जयपूर आणि शेवटी पुन्हा जयपूर. बदलीची ऑर्डर यायची आणि पंधरा-वीस दिवस त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून राहायची. आपल्या अनिरुद्धची सहामाही आहे, हिला पेपर तपासायचेत, आत्ता कशाला डोक्याला ताप, असं म्हणून ते गप्प राहायचे आणि ट्रक ठरवून आले की सांगायचे. बाई चिडायच्या. दोन दिवस बोलायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जुने पेपर घेऊन कपबशा गुंडाळायला बसायच्या. श्यामकांतरावांना याचा अर्थ असा लागला होता की उशिरा सांगितलं की दोन दिवसांत भागतं.

मानसरोवर कॉलनीतलं हे घर त्यांनी जयपूरच्या पहिल्या मुक्कामात घेतलं. कागदावर बायकोचं नाव असलं की मुद्रांक कमी लागतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून दोघांच्या नावावर घेतलं. निवृत्तीच्या दिवशी समारंभातला हार हातात घेऊन ते घरी आले, पुढच्या दाराच्या खिळ्याला तो अडकवला आणि म्हणाले, "सुहास, बदल्या संपल्या. आता या घरातून आपल्याला कुणी हलवू शकत नाही."

हार आठ दिवसांनी वाळून गळला. वाक्य बाईंनी ठेवून दिलं होतं.

१. एक हात, लगेच पुसला. फिका. शाळेच्या बाकासारखा.

जेल स्टेन म्हणजे पातळ रंग नव्हे. डबा उघडला की तो चक्क्यासारखा घट्ट दिसतो, काडी उभी राहील असा. साधा स्टेन लाकडाच्या आत शिरतो; हलक्या लाकडात तो कुठे जास्त शिरतो, कुठे कमी, आणि दार कोड उठल्यासारखं डागाळतं. त्यांच्या घराची दारं असल्याच हलक्या, पिवळट लाकडाची. जेल आत शिरत नाही, वर बसतो. फडक्याने आडवा-उभा चोपडायचा, थोडं थांबायचं, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने लाकडाच्या रेषेच्या दिशेने पुसून काढायचा. किती थांबलं यावर रंगाची खोली ठरते. पुसायला विसरलं तर तो चिकट राहतो, महिना गेला तरी बोट लावलं की ठसा उठतो.

डब्यावर वाट बघायची मिनिटं छापलेली होती, पण ती लिहिणाऱ्याने जयपूरचा एप्रिल पाहिलेला नसावा. पहिल्या तुकड्यावर बाईंनी दिलेला वेळ पाळायचा ठरवला, पण निम्म्या वेळातच जेल आवळायला लागला, म्हणून घाईने पुसून घेतला. त्यावरून त्यांनी नियम केला की काम सकाळी साडेपाच ते साडेसात, ऊन पायरीवर यायच्या आत. आणि एका वेळी दाराचा एकच चौकोन.

वापरलेली फडकी त्या बोळा करून टाकत नसत. तारेवर एकेक पसरून वाळवत. तेलकट फडकं गोळा करून ठेवलं तर आतल्या आत तापतं आणि आपोआप पेटूही शकतं, हे त्यांनी श्यामकांतरावांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तुझ्यासारखंच की." बाई हसल्या होत्या.

२. दोन हात, मध्ये एक दिवस. मधासारखा. हाच.

'हाच' या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

३.

सापडत नाही.

४. तिसऱ्याची नक्कल, आठवणीने.

झालं असं की तीनही तुकडे वाळल्यावर बाईंनी ते खिडकीत ओळीने मांडले आणि दोन नंबरवर बोट ठेवलं. श्यामकांतराव म्हणाले, थांब, घाई नको. घरातल्या उजेडात कळत नाही, मी बागेत उन्हात नेऊन बघतो. पिशवीत घालून तिन्ही घेऊन गेले. परत आले ते दोनच आले.

"बाकावर राहिला बहुतेक," ते म्हणाले. "पण रंग तोच पाहिजे. तीन नंबर. एकदम भारी दिसतो."

ज्या माणसाने पस्तीस वर्षांत पडद्याचा रंग विचारला नाही, त्याला आवडनिवड फुटली याचं बाईंना इतकं अप्रूप वाटलं की त्यांनी वाद घातला नाही. तीन नंबर त्यांना काळपट वाटत होता, त्याच्या पाठीवर तसं लिहिलंही होतं. पण म्हणाल्या, असू दे. आयुष्यात एकदा काहीतरी मागतायत.

मूळ नमुना हाताशी नाही म्हणून राखीव ठेवलेल्या चौथ्या तुकड्यावर त्यांनी आठवणीने तोच रंग पुन्हा केला, आणि त्यावरून दारं करायला घेतली.

ते दोन महिने.

साडेपाचला श्यामकांतराव चहा करायचे. आलं किसून घालायला शिकले. दार बिजागऱ्यांवरून उतरवायचं म्हणजे दोन माणसं लागतात. ते खालून पाय लावून दार तोलून धरायचे आणि बाई स्क्रू काढायच्या. मग दोघं ते आडवं करून व्हरांड्यात दोन स्टुलांवर ठेवायचे. घासण्याची धूळ ते ओल्या फडक्याने टिपायचे. पुसण्याची वेळ झाली की घड्याळ बघून सांगायचे, "मॅडम, वेळ संपली, पेपर द्या." एकदा लाकडाची बारीक फासाटी बाईंच्या अंगठ्यात खोल गेली, तर चष्मा नाकावर ओढून, ओठ मुडपून, अर्धा तास सुईने टोकरत बसले आणि काढली तेव्हाच उठले.

अंगठ्याला हळद लावून बाई फोनवर अनिरुद्धला म्हणाल्या, तुझ्या बाबांना झालंय काय कोण जाणे. अनिरुद्ध पुण्यात नोकरीला. शाळा सगळी हिंदी मुलुखात झाल्यामुळे त्याचं मराठी अडखळत चालायचं. तो म्हणाला, "अच्छा. मतलब, चांगलंच आहे ना, आई." आणि विषय बदलला.

मे महिन्यात दोघं परकोटाच्या आत, जुन्या शहरात जाऊन दारांच्या मुठी घेऊन आले. तिथे त्यांचा जुना खेळ रंगला. मराठी ही या दोघांची बंद खोली होती. दुकानात, डॉक्टरकडे, सुतारासमोर, कुठेही उभं राहून ते तिच्यात शिरायचे आणि दार लावून घ्यायचे. दुकानदार भाव सांगत असताना श्यामकांतराव अगदी सहज आवाजात, चेहरा न हलवता म्हणाले, "तोंड वाकडं कर. मी हो म्हणेन, तू निघाल्यासारखं दाखव." बाईंनी पितळी मूठ खाली ठेवली, पदर सावरला, दोन पावलं टाकली. दुकानदार म्हणाला, अरे बहनजी, बैठिए तो. बाहेर येऊन दोघं उसाचा रस पीत शाळकरी पोरांसारखी हसली.

बाईंना वाटलं, म्हातारपण असं असेल तर चालेल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सात दारं झाली. फक्त पुढचं राहिलं होतं. ते शेवटी करायचं असं श्यामकांतरावांचं म्हणणं, कारण आलेला माणूस पहिलं तेच बघतो. बाईंनी ओळीने सगळी दारं डोळ्यांखालून घातली आणि चौथ्या तुकड्याच्या पाठीवर एक ओळ वाढवली.

४, पुढे चालू. मूळ नमुन्यापेक्षा किंचित गडद असावा. ताडून बघायला मूळ नाही.

त्याच आठवड्यात श्यामकांतराव म्हणाले की रविवारी एक जोडपं येणार आहे. पारीक म्हणून, आपले जुने पॉलिसीवाले. त्यांना तुझं काम बघायचंय.

बाईंनी पोहे भिजवले. नारायणपेठी नेसल्या. कुणी शिकायलाच मागितलं तर असावं म्हणून वर्तमानपत्र पसरून त्यावर जेलचा डबा, दोन फडकी आणि शून्य, एक, दोन, चार असे तुकडे मांडून ठेवले. तीनची जागा मोकळी ठेवली, कारण क्रम मोडणं त्यांना जमत नसे.

पारीक पस्तिशीचे. बायको हसरी, बोलकी. आल्या आल्या पाया पडली, आंटी म्हणाली. बाईंनी तिला पहिलं दार दाखवलं, हळूच उघडून मिटून दाखवलं, रेषेच्या दिशेने हात फिरवून बघ म्हणाल्या. तिने हात फिरवला, पण नजर दारावरून वर चौकटीकडे, चौकटीवरून छताकडे गेली. या खोलीत दुपारचं ऊन येतं का, तिने विचारलं. पाण्याची टाकी कुठल्या बाजूला. तिकडे पारीकांनी स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहिलं. बाईंना वाटलं, आजकालची माणसं, सगळ्याची चौकशी करतात.

मग तिने पर्समध्ये हात घातला, एक लाकडाचा तुकडा काढला आणि दाराला लावून धरला. मान तिरकी करून पाहिलं.

"आंटी, बुरा मत मानिएगा, पर थोड़ा डार्क आया है ना? हमने तो ये वाला पसंद किया था."

३. तीन हात, प्रत्येकी एक दिवस. अक्रोडी. फार काळा. घरात अंधार वाटेल.

बाईंनी तुकडा हातात घेतला. एका कोपऱ्याला जांगिडजींच्या करवतीची खाच होती. उलटला. अक्षर त्यांचंच.

त्यांना आधी बरंच वाटलं, सापडला म्हणून. ताडून बघायला मूळ मिळालं. खरंच दार थोडं गडद झालं होतं. आठवणीने केलं की असंच होतं. हे सगळं मनात येऊन गेलं आणि मग त्यांनी विचारलं, हा तुमच्याकडे कसा.

"अंकलजी ने दिया था, अप्रैल में. घर की बात तो मार्च में ही पक्की हो गई थी."

खोलीत पंखा फिरत होता. पारीकांनी भिंतीवरचा हात काढून घेतला. श्यामकांतराव सोफ्याच्या पाठीला धरून उभे होते. त्यांचा चेहरा अजिबात बदलला नाही. अगदी सहज आवाजात, मुठींच्या दुकानातल्याच आवाजात, ते बायकोला म्हणाले,

"सुहास, आत्ता काही बोलू नकोस. तोंड हसरं ठेव. हो म्हण. ते गेले की सगळं सांगतो."

बंद खोली. तिच्यात आजवर दोघंच असायचे आणि बाहेर राहायचं ते सगळं जग. बाईंना समजलं की गेले तीन महिने त्या खोलीच्या बाहेर त्या एकट्याच उभ्या होत्या. आत हे होते, पारीक होते, आणि आणखी कोण कोण होतं ते अजून कळायचं होतं.

त्यांनी तुकडा वर्तमानपत्रावर त्याच्या मोकळ्या जागी ठेवला. दोन आणि चारच्या मध्ये. मग पारीकांच्या बायकोकडे वळल्या आणि वर्गात बोलायच्या तशा स्वच्छ हिंदीत म्हणाल्या,

"इन्होंने अभी मराठी में मुझसे कहा कि चेहरा हँसता रखो और हाँ बोलो. घर बिक रहा है, ये मुझे आज आपसे पता चला. घर दोनों के नाम पर है. मैं दस्तखत नहीं करूँगी."

ती मुलगी दारापासून एक पाऊल मागे सरली, जणू तिचा हात लागून काही मोडलं होतं.

"आंटी," ती हळू आवाजात म्हणाली, "हमें तो कहा था कि ये सब आप हमारे लिए सजा रही हैं."

पोहे तसेच राहिले.

पाठीला आकडा नसलेले

त्या दुपारी बाई एकेक गोष्ट काढून उलटून बघत बसल्या.

साडेपाचचा चहा. दारं जूनच्या आत व्हायला हवी होती.

आलं. तेही त्यातच.

'तू आहेस की'. पेंटरला पैसे द्यावे लागले असते.

उन्हात नेऊन बघतो. नेलं होतं खरं. उन्हातून, दुसऱ्याच्या घरी.

पुढचं दार शेवटी. आलेला माणूस पहिलं तेच बघतो. आलेला म्हणजे कोण, हे बाईंनी विचारलं नव्हतं.

उसाचा रस. त्या मुठी कुणाच्या हातात यायच्या होत्या, हे श्यामकांतरावांना रस पिताना माहीत होतं.

अंगठ्यातली फासाटी. हिचं काय करायचं ते बाईंना कळेना. अर्धा तास, ओठ मुडपून. ती त्यांनी बरेचदा उलटसुलट केली. मागे काहीच लिहिलेलं नव्हतं. तिचाच राग सगळ्यात जास्त आला.

अनिरुद्धला त्यांनी स्वतः फोन लावला. घर विकायचं चाललंय म्हटल्यावर त्याने 'कुणाचं' असं विचारलं नाही, त्यावरूनच कळलं. मग म्हणाला, "आई, मला आवडलं नव्हतं. पण बाबा म्हणाले, मीच सांगेन. टाइम बघून. मतलब, नेहमी सांगतात तसं." बाईंनी विचारलं की तुला हे किती दिवस माहीत आहे. तो म्हणाला, होळीपासून. आईबाबांसाठी त्याने आपल्याच सोसायटीत दोन खोल्यांचं घर बघून ठेवलं होतं. खालच्या मजल्यावर, आईचे गुडघे लक्षात घेऊन. गुडघ्यांपर्यंत सगळं बापलेकांच्या लक्षात आलं होतं.

संध्याकाळी श्यामकांतराव समोर येऊन बसले आणि आपली बाजू मांडू लागले. ती बाजू वाईट नव्हती. मंडळातले वसंतराव मुलीकडे नाशिकला गेले. आदर्श नगरचे मनोहरपंत गेल्या दिवाळीत वारले, आणि त्यांना खांदा द्यायला चार मराठी माणसं जमवताना दोन फोन जास्त करावे लागले. जानेवारीत ते स्वतः न्हाणीघरात घसरले होते, दहा मिनिटं उठता आलं नव्हतं. बाई तेव्हा भाजीला गेल्या होत्या; नंतरही त्यांना सांगितलं नव्हतं. तेव्हापासून भीती बसली होती. मला काही झालं तर तू कुणाला हाक मारणार, ते म्हणाले. आणि तू हट्टाला पेटलीस तर निघणार नाहीस, हे मला माहीत होतं. म्हणून म्हटलं, आधी सगळं ठरवावं. तू दोन दिवस बोलणार नाहीस. मग ठीक होईल.

ते ऐकून बाईंची नजर एकदा न्हाणीघराच्या दाराकडे गेली. मग ती त्यांनी काढून घेतली.

"आजवरच्या ऑर्डरी कंपनीच्या होत्या," त्या म्हणाल्या. "ही कुणाची होती?"

श्यामकांतरावांनी पाण्याचा तांब्या बाईंपुढे सरकवला.

"आणि मी इथे रोज सकाळी कशावर हात फिरवत होते? विकायच्या मालावर. तेही हसत हसत. तुम्ही समोर बसून वेळ सांगत होतात."

"सुहास, मी..."

"विचारलं असतंत तर आले असते."

त्यांनी मान वर केली. डोळ्यांत एकदम आशा आली, ट्रक ठरवून आल्यावर यायची तशी. "मग चल की आता."

"आता नाही," बाई म्हणाल्या.

५. तुकडे संपले. थेट दारावर.

तिसरा दिवस उजाडला. आजवर या दिवशी कपबशा गुंडाळल्या जायच्या. श्यामकांतराव साडेपाचला उठले, आलं घालून चहा केला आणि कप व्हरांड्यात ठेवला. मग नेहमीप्रमाणे पुढच्या दाराच्या खाली पाय लावून, ते तोलायला उभे राहिले.

बाई फाटकापाशी जाऊन थांबल्या होत्या. सहाला जांगिडजी सायकलवरून आले. बाई आणि जांगिडजींनी मिळून दार उतरवलं. श्यामकांतरावांना बाजूला व्हावं लागलं, कारण ते मध्ये येत होते. घर पुढून सताड उघडं पडलं. रस्त्यावरून दूधवाला, भाजीच्या गाड्या, मेट्रोकडे निघालेली माणसं, सगळी आत बघत जात होती.

बाईंनी डबा काढला. नवा, त्याच जेलचा, जो त्यांनी एप्रिलमध्येच जास्तीचा आणून ठेवला होता आणि परत करायचा राहिला होता. घासलं, पुसलं, पहिला हात दिला. घड्याळ त्यांनी स्वतःच पाहिलं. एक दिवस वाळू दिलं, दुसरा हात दिला आणि थांबल्या. दोन नंबर. त्या दोन रात्री चौकटीला जुनी सतरंजी अडकवली होती आणि श्यामकांतराव हॉलमध्ये खुर्ची टाकून राखण करत बसले. बसा असं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

जांगिडजींनी दार चढवताना विचारलं की बाईजी, आतली सगळी काळी आणि हे एकच असं का. बाई म्हणाल्या, आतली दुसऱ्यांच्या आवडीने केली.

आतल्या दारांना त्यांनी पुन्हा हात लावला नाही. ती खरवडून मूळ लाकडावर आणायची तर अख्खा उन्हाळा लागला असता, आणि त्यांना त्या घासण्याचा आवाज नको होता. पारीकांनी आदर्श नगरात दुसरं घर घेतल्याचं कळलं. घरातलं बोलणं बंद झालं नव्हतं. दूध तापलंय, गोळी घेतलीत का, लाइट गेली. न्हाणीघरात बाईंनी भिंतीला धरायला दांडा बसवून घेतला, आणि त्याबद्दलही काही बोलल्या नाहीत. पण बाहेर कुठे गेलं की त्या दुकानदाराशीही हिंदी बोलायच्या आणि दुकानदारासमोर नवऱ्याशीही हिंदीच. "ये वाला ठीक है, ले लीजिए." श्यामकांतरावांनी एकदा जुन्या सवयीने मराठीत काही पुटपुटलं, तर त्यांनी त्याचं तिथल्या तिथे हिंदी करून दुकानदाराला सांगितलं. त्यानंतर त्यांनी पुटपुटणं सोडलं.

ऑगस्टमध्ये मंडळाची गणपतीची बैठक या घरी ठरली होती. पाचच माणसं आली. सगळ्यांच्या पुढे प्रतिमाताई, मंडळाच्या चिटणीस, मोठ्या बोलघेवड्या. उंबरठ्यातच थांबल्या, पुढच्या दाराकडे पाहिलं, मग हॉलमधून आत दिसणाऱ्या दारांकडे, मग पुन्हा पुढच्याकडे.

"हे काय हो, श्यामकांतराव? आत अंधार आणि बाहेर मध? एकाच घराची दारं ना ही?"

मागची माणसं हसली. श्यामकांतराव हसायला गेले. काय सांगायचं ते विचारायला त्यांनी बायकोकडे पाहिलं. तोंड कसं ठेवू, हो म्हणू की निघाल्यासारखं दाखवू. पण खोलीत सगळी मराठीच माणसं होती. हळू बोलायला भाषा उरली नव्हती.

बाई हातात पाण्याचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्याही वाट बघत होत्या, ते काय सांगतात याची.